पिंजाऱ्याच्या घरातला उंदीर

माझ्या नोकरीचं सरकारी नाव बरंच लांबलचक होतं. लोकांनी ते एका शब्दात आटपलं होतं, उंदीरकारकून. धुळ्याच्या बाजारात भाजी घ्यायला उभा राहिलो की एखादी भाजीवाली शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणायची, "तो देख, उंदीरवाला उना." माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा काय करतो या प्रश्नाला आमच्या काकांनी 'आरोग्य खात्यात आहे' एवढ्यावर भागवलं. बायकोला खरं कळलं ते पहिल्या हिवाळ्यात, माझ्या कोटाला रॉकेलचा वास सुटला तेव्हा. तो कोट तिनं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. अंगणातल्या खुंटीवरच त्याचा जन्म गेला.

या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतल्या काही गमती लिहा' असं कळवलं आहे. गमती होत्या, त्याही सांगतो. पण जी हकीकत सांगायला म्हणून मी लिहायला बसलो ती गमतीची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

प्लेग आता पूर्वीसारखा राहिला नाही, त्यामुळे तरुण मंडळींना आमचं काम समजावून सांगावं लागतं. प्लेग आधी उंदरांना होतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी पडतात आणि माणसाकडे वळतात. म्हणजे घरात उंदीर पडला की माणसाच्या हातात साधारण आठ-दहा दिवस असतात. तेवढ्यात घर सोडून रानात झोपडी घालून राहिलं तर माणसं वाचतात. नाही राहिलं तर ताप येतो, काखेत नाहीतर जांघेत गाठ उठते आणि तीन-चार दिवसांत कारभार आटोपतो. माझं काम असं की, उंदीर पडल्याची वर्दी आली की त्या गावी जायचं, उंदीर चिमट्यानं उचलून रॉकेलात बुडवायचा, शेपटीला चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर घरवाल्याचं नाव घालायचं आणि डबा तपासणीला पाठवून द्यायचा. ज्याचं नाव चिठ्ठीवर, त्याचं घर सगळ्यांत आधी रिकामं. मग आजूबाजूची घरं, मग गाव.

चिठ्ठीवर आपलं नाव यावं असं कोणालाच वाटत नसे. त्यामुळे आमच्या तालुक्यांत मेलेले उंदीर जिवंत उंदरांपेक्षा जास्त फिरत. आपल्याकडे पडला की शेजाऱ्याकडे टाकायचा. खानदेशात घरं धाब्याची, एकाला एक लागून. धाब्यावर चढलं की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं. एका गावी दोन चुलतभावांनी एकच उंदीर एकमेकांच्या अंगणात तीनदा टाकला. मी पोचलो तेव्हा तो चौथ्यांदा भिंतीवर चढायच्या बेतात होता. विचारलं तर दोघंही देवाशपथ सांगत होते की आमच्या घरी उंदीर म्हणून नाहीतच. खानदेशात, तेही कापसाच्या दिवसांत!

घर सोडायची तयारी कशी करायची हे बायामाणसांना शिकवणं हा माझ्या कामाचा दुसरा भाग. पुरुषांना सांगून उपयोग नसायचा, ते नुसते माना डोलवत. दसरा झाला की मी गावोगाव हिंडून सांगे: महिनाभराचं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ दळून ठेवा, जातं रानात नेता येणार नाही. मीठ, डाळ, तिखट, रॉकेल, दोर, कोयता एका जागी ठेवा. देव टोपलीत येतात. बाजा न्या, जुन्या गोधड्या नेऊ नका. न्यायच्याच तर दोन दिवस कडक उन्हात वाळवून न्या, कारण पिसवा त्यांतूनच तुमच्या सोबत येतात. झोपडीसाठी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, आतापासून रचून ठेवा, ऐन वेळी सगळं गाव पऱ्हाट्यांवर तुटून पडतं. बाया सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारत, "भाऊसाहेब, कितला दिन?" मी दरवर्षी सांगत असे, पंधरा दिवस. दरवर्षी होळी रानातच होई. तरी पुढच्या वर्षी त्या विचारत आणि मी पंधरा दिवसच सांगे. खरं सांगितलं असतं तर कोणी चूल विझवली नसती.

शिरपूरकडच्या एका पाटलांनी मात्र माझं सांगणं इतकं मनावर घेतलं की दुसऱ्याच दिवशी दोन गाड्या भरून ते रानात हजर. देव आणले, पाळणा आणला, घराची दारं उतरवून आणली, कोंबड्या मोजून आणल्या. संध्याकाळी पंगत बसली, तेव्हा भाजीला मीठ कमी पडल्याची तक्रार कोणीच करेना, म्हणून लक्षात आलं की बहिरी आत्याबाई घरीच राहिल्या आहेत. पाटलांबरोबर मीही आणायला गेलो तर त्या बिनदाराच्या घरात उन्हात पाय पसरून बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, पहिल्यांदाच घर शांत वाटतं आहे.

तर अशा गमती.

आता नरडाण्याकडच्या एका गावची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढची तिच्यावाचून कळायची नाही. मी नोकरीत नवा होतो. नियम तोंडपाठ होते आणि त्यांचा अभिमानही होता. एका शेतकऱ्याच्या घरी उंदीर पडला. त्याची बायको आठ दिवसांची बाळंतीण. पौष महिना, तापीकडून येणारं वारं असं की बोटं वळत नव्हती. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना वारा लागू देत नाहीत, खोलीच्या झरोक्यालासुद्धा फडकं लावतात. नवरा हात जोडून म्हणाला, तेवढी हिला राहू द्या, आम्ही सगळे जातो. मी नियम दाखवला. बाज उचलून रानात नेली. पऱ्हाट्यांच्या कुडातून वारं आरपार जात होतं. चौथ्या दिवशी तिची छाती भरली आणि सहाव्या दिवशी ती गेली. गाठ नव्हती, प्लेगचं एकही लक्षण नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा नवऱ्यानं मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, पिलेगपाईन वाचाडं तुम्ही तिले."

शिवी दिली असती तर मी विसरलो असतो.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, सोनगीरच्या अलीकडे आग्रा रस्त्यालगतच्या एका गावातून वर्दी आली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे त्या घरांतली माणसं अजून असतील. महिना पुन्हा पौषच. उंदीर करीमभाई पिंजाऱ्याकडे पडला होता. करीमभाई गावातल्या गाद्या आणि रजया भरायचा. त्याच्या घरी जमिनीवर, कोनाड्यात, भिंतींच्या फटींतसुद्धा कापूस. असं घर म्हणजे उंदरांचं माहेरच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

त्याच्या घराला लागून निंबाआबा रंगाऱ्याचं घर होतं. धाबं दोघांचं जवळपास एकच. निंबाआबाकडे लुगडी आणि पागोटी रंगायला येत. परसात रंगाच्या नांदी, दोरीवर लाल कापड. घरात तो, त्याची बायको गेंदाक्का, मुलगा सुकलाल आणि सून मथुरा. मथुराला मुलगी होऊन नऊ दिवस झाले होते. तिचं बाळंतपण करीमभाईच्या बायकोनं, हमीदाबीनं केलं होतं. आसपासच्या चार घरांतली मुलं तिच्याच हातांवर जन्माला आली होती.

मी करीमभाईच्या ओसरीत उकिडवा बसलो आणि चिमट्यानं उंदीर उचलला. त्याचे चारही पंजे लाल होते. पोटाखालचे केसही तांबूस लाल. रक्त नव्हतं, रक्त काळं पडतं. तो रंग होता. करीमभाईच्या घरात पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नव्हता.

मी विचारलं, "हा इथंच पडला?"

"हा, साहेब. आठेच पडना," करीमभाई म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

माझ्या उभ्या नोकरीत आपल्या घरी उंदीर पडला असं इतक्या सहज कबूल करणारा हा पहिला माणूस. तेवढ्यानंसुद्धा मला कळायला हवं होतं. पण कळायचं काही बाकी नव्हतंच. हमीदाबी दाराच्या आड उभी होती. भिंतीपलीकडे तान्हं मूल रडत होतं आणि कोणीतरी त्याला थोपटत होतं.

मी उंदीर रॉकेलात बुडवला. रंग तेलात उतरला. मग चिठ्ठीवर नाव लिहिलं, करीम पिंजारी.

मनात काय होतं ते सांगतो. नरडाण्याकडचा तो नवरा होता, पोतं टाकणारा. रंगाऱ्याचं नाव लिहिलं तर ही बाज आजच रानात न्यावी लागणार. पिंजाऱ्याचं लिहिलं तर रंगाऱ्याचं घर शेजारचं म्हणून मोजलं जाईल आणि शेजारच्या घराला मुदत देणं माझ्या हातात. तेवढ्यात थंडी उतरेल. उंदीर नुकताच पडला आहे, आठ-दहा दिवस आहेतच, असा हिशेब मी केला. रंगाऱ्याकडे पडलेला हा पहिलाच उंदीर का, हे मी विचारलं नाही. विचारणार कसं? विचारलं असतं तर मला माहीत आहे हेच दिसलं असतं.

करीमभाईचं घर त्याच दिवशी रिकामं केलं. घरातला कापूस बाहेर काढून जाळला. लोकांच्या रजयांचा कापूस होता तो. करीमभाई धूर विरेपर्यंत उभा राहिला आणि मग पिंजायची कमान खांद्यावर टाकून निघाला. हमीदाबीनं खापरात चुलीतले निखारे घेतले. रानात नवी चूल घरच्या विस्तवानं पेटवायची, अशी तिकडची रीत आहे. तिच्या कडेवर वर्षाचा मुलगा होता. मी तिला बजावलं की आता गावात पाऊल टाकायचं नाही. ती थांबली.

"मथुरानी पोरीले रोज मीच तेल लावस. आते कोन लावी?"

"लावतील कोणीतरी," मी म्हणालो.

मग रंगाऱ्याकडे गेलो. निंबाआबानं मी काही बोलायच्या आतच सुरुवात केली. "बाळतीन शे घरमा, भाऊसाहेब. आज नववा दिन. रानमा नेशात ते थंडीमा ती मरी जाई." गेंदाक्का त्याच्या मागे उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत रंगलेले, तसे त्या घरात सगळ्यांचेच असत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मी दहा दिवसांची मुदत दिली. बाजेचे पाय पाण्याच्या परातीत ठेवा, खोली रोज झाडा, धुरी द्या, असं सांगितलं. मुलग्याला आणि बापाला टोचून घ्यायला लावलं. मथुराला नाही, कारण टोचल्यावर ताप येतो आणि दूध आटतं. गेंदाक्कानं सुनेकडे कोण बघणार म्हणून नकार दिला. मीही जोर केला नाही. परतताना मला चक्क बरं वाटत होतं. वाटलं, अखेर आपण माणसासारखं वागलो.

सातव्या दिवशी निरोप आला. गेंदाक्काला गाठ उठली होती. मी पोचलो तोवर ती गेली होती आणि मथुराला ताप चढला होता. काखेत गाठ. तिनं मला ओळखलं नाही. सारखी म्हणत होती, दार लावा, पोरीला वारं लागतं. दार लावलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्या घराच्या कोठीमागे आम्हाला नंतर आणखी चार उंदीर सापडले. वाळून कोळ झालेले. म्हणजे माझी आठ-दहा दिवसांची मुदत मी गावात यायच्या आधीच संपत आली होती.

त्या दिवशी मला कोणालाही 'बाहेर पडा' असं सांगावं लागलं नाही. निंबाआबा रस्त्यावर मातीत बसला होता. सुकलाल पोर हातांवर घेऊन उभा होता, तिला कसं धरायचं तेही त्याला धड माहीत नव्हतं. "हाई कालदिनपाईन भूकी शे," एवढंच तो म्हणाला. मी त्याला घेऊन रानात करीमभाईच्या झोपडीशी गेलो. माझ्या नियमांप्रमाणे लागण झालेल्या घरातलं मूल दुसऱ्या झोपडीत नेणं चूक होतं. मी हमीदाबीला तसं सांगितलंही. तिनं माझं बोलणं पुरतं ऐकलं नाही. पोरीच्या अंगावरचं फडकं सोडून विस्तवात टाकलं, तिला कढत पाण्यानं पुसली आणि पदराखाली घेतली. "मना आंडोर एक घोट कमी पिई," ती म्हणाली. तिचा मुलगा बाजूला बसून रडत होता.

गाव महिनाभर बाहेर राहिलं. आणखी कोणी गेलं नाही. पोरगी जगली.

याच काळात मला एक गोष्ट दिसली आणि ती मला आजही जाळते. रानात एका म्हाताऱ्यानं आपल्या दम्यासाठी झोपडी घातली होती. पऱ्हाट्या दुहेरी, मध्ये भुसा, आतून-बाहेरून शेणमातीनं जाड लिंपलेली, दाराला पोत्याचा पडदा, आत शेगडी. मी आत गेलो तर मला कोट काढावा लागला. दोन गाड्या पऱ्हाट्या, चार पाट्या शेण आणि दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. मी गावोगाव हिंडून पीठ, मीठ, रॉकेल सगळं सांगत होतो. बाळंतिणीसाठी एक उबदार झोपडी आधी बांधून ठेवा हे मला सुचलं नव्हतं. मी थंडी की प्लेग एवढाच विचार करत बसलो. दोघी बाया वाचल्या असत्या, नरडाण्याकडचीही आणि मथुराही. पुढे मी ज्या ज्या गावी गेलो तिथे दसऱ्यालाच अशी एक लिंपलेली झोपडी उभी करून घेतली, गावात कोणी गरोदर असो वा नसो. लोक हसले तरी ऐकलं नाही. वरिष्ठांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली. तेव्हा खाली मान घालून मी उभा होतो, त्यांना तो विनय वाटला.

गाव परतायच्या आदल्या दिवशी मी शेवटची पाहणी करत करीमभाईच्या झोपडीशी आलो. तो गावात घर सारवायला गेला होता. हमीदाबी मथुराच्या पोरीला पायांवर आडवी घेऊन तेल लावत होती. मी पऱ्हाट्यांच्या सावलीत बसलो. इतके दिवस घशाशी अडकलेलं विचारून टाकलं, "हमीदाबी, तो उंदीर तुमच्या घरचा नव्हता ना?"

तिचे हात थांबले नाहीत. "गेंदाक्कानी धाबावरथून टाका. चिमटामा धरेल व्हता. मी आंगनमाच व्हतू. तिनी मनाकडे देखं. मी मान खाले घाली."

"मग बोलला का नाहीत? तुमचं घर गेलं, कापूस गेला."

"सांगतू, ते तुम्ही मथुराले थंडीमा काढतात." ती थोडा वेळ पोरीच्या तळव्यांना तेल चोळत राहिली. "माले वाटनं, आम्ही चार दिन बाहेर ऱ्हासूत, त्यानं काय व्हस? ती त वाची जाई." मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं खांद्याला पुसलं, कारण हात तेलाचे होते. "मीच मारं तिले, साहेब. तोंड उघाडतू ते ती आज पोरले पाजती."

तिनं वर पाहिलं.

"साहेब, तुमले काहीच मालूम नव्हतं?"

तिचा प्रश्न सरळ होता. त्यात आरोप नव्हता. एवढं मोठं पाप आपण एकटीनं केलं की आणखी कोणी वाटेकरी आहे, एवढंच तिला हवं होतं. मी 'होतं' म्हणालो असतो तर तिचं निम्मं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं.

मी म्हणालो, "नाही."

हमीदाबीनं मान हलवली. "बरं व्हयनं, साहेब," ती म्हणाली. "तुमना जीवले तरी घोर नही."

मी टोपी घातली आणि पुढच्या गावाला निघालो. त्यानंतर त्या गावी माझं दोनदा जाणं झालं. दोन्ही वेळा तिनं मला गूळपाणी दिलं, दोन्ही वेळा मी घाईत असल्याचं सांगितलं. सुकलालनं पोरगी तिच्याकडेच वाढू दिली होती. ती अंगणात खेळताना मला दिसली. मग माझी बदली झाली.

हमीदाबी असेल तर आता म्हातारी झाली असेल. तिला वाचता येत नाही. आग्रा रस्त्यालगतच्या त्या गावात हा अंक कोणाच्या हाती पडला तर त्यानं तेवढं पिंजाऱ्याच्या घरी जाऊन तिला सांगावं, की उंदीरवाल्या भाऊसाहेबाला माहीत होतं.